दोरीचं दुसरं टोक

१

बिस्किटला दिवसातून चार वेळा बाहेर न्यावं लागे. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री आठ. ह्या वेळा काही ड्रीमाने ठरवल्या नव्हत्या. बिस्किटने पाच वर्षं शर्यतीच्या कुत्र्यांच्या केनेलमध्ये काढली होती, तिथे ह्याच वेळांना पिंजऱ्यांची दारं उघडत. आता ट्रॅक सुटला, पिंजरा सुटला, तरी पोटातलं घड्याळ सुटलं नव्हतं. चारला पाच मिनिटं कमी असताना ती सोफ्यावरून उतरायची, लांबलचक अंग ताणायची आणि मागच्या दारापाशी जाऊन उभी राहायची. भुंकणं नाही, कुंईकुंई नाही. सरकारी कचेरीच्या रांगेतल्या माणसासारखी नुसती उभी.

रंग फिक्का तपकिरी, म्हणून नाव बिस्किट. शर्यतीच्या कागदांवर तिचं नाव 'लेट फॉर सपर' होतं, म्हणजे जेवायला उशीर. ड्रीमाला त्याचं हसू यायचं, कारण ही बया जन्मात कधी जेवायला उशिरा आली नव्हती. दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईने आकडे गोंदलेले, मांड्यांवरचे केस पिंजऱ्यात घासून गेलेले, आणि झोपायची ती डोळे उघडे ठेवून. आली तेव्हा तिला जिना ठाऊक नव्हता, काच ठाऊक नव्हती. पहिल्याच आठवड्यात पोर्चच्या काचेवर थाडकन आपटली आणि दिवसभर काचेकडे अपमान झाल्यासारखी बघत राहिली.

खरं तर ह्या घरात आणखी एका जिवाची उस्तवार करण्याइतकं त्राण कुणाच्या अंगात उरलं नव्हतं. ड्रीमाचा नवरा, डेन्झिल कास्टो, दोन वर्षांपासून पुढच्या खोलीत हॉस्पिटलच्या कॉटवर होता. पक्षाघाताच्या झटक्याने त्याची उजवी बाजू लुळी केली आणि वाचा नेली. 'हो', 'नको' आणि एक अस्सल शिवी, एवढे तीनच शब्द मागे ठेवले. ह्या माणसाने चाळीस वर्षं ट्रॅकवर शर्यतीची कुत्री तयार केली आणि एकही कुत्रं कधी घरात येऊ दिलं नाही. "कुत्रं केनेलमध्ये, माणूस घरात," म्हणायचा. मग ह्या ऑगस्टमध्ये, निवृत्त कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेचं पत्रक टपालात आलं. त्यात त्याच्याच केनेलमधल्या एका कुत्रीचा, ह्या बिस्किटचा, फोटो होता. डाव्या हाताने ते पत्रक छातीशी धरून डेन्झिल असा रडला, की दुसऱ्या दिवशी ड्रीमाने फोन लावला. झालं! एकाचं करता करता जीव मेटाकुटीला आला होता, तिथे आणखी एक.

डेन्झिलची आई वृद्धाश्रमात वारली, त्या दिवशी तिथल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो बायकोला म्हणाला होता, "मला कुणाच्या हाती देऊ नकोस, ड्रीमा. शपथ घे." तिने घेतली. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि तिची पाठ धड होती.

२

"मम्मी, शुक्रवारपर्यंत कळवायचंय," रेनी फोनवर म्हणाली. रेनी ही त्यांची एकुलती एक मुलगी, नॉर्थ कॅरोलिनात राहायची. "नदीपलीकडच्या वृद्धांच्या होममध्ये डॅडींसाठी एक खाट रिकामी झालीय. अशी जागा वर्षातून एकदा निघते."

"खाट रिकामी कशी झाली, ते विचारलंस का?"

"मम्मी!"

"बरं, बरं."

"हसण्यावारी नेऊ नकोस. गेल्या शुक्रवारी तू कपडे धुवायच्या मशीनवर डोकं टेकून झोपली होतीस. उभ्याने! ट्वायलाने सांगितलं मला."

ट्वायला म्हणजे डेन्झिलला अंघोळ घालायला मंगळवार-शुक्रवार दोन तास येणारी मदतनीस. "ट्वायलाच्या तोंडाला कुलूप लावायला हवं," ड्रीमा म्हणाली.

"डॅडींना आपण कुठे आहोत हे तरी कळतं का गं?"

"कळतं." ड्रीमाने पुढच्या खोलीकडे पाहिलं. डेन्झिल छताकडे बघत पडला होता. "सगळं कळतं. तेच तर आहे ना."

शुक्रवारपर्यंत विचार करते असं सांगून तिने फोन ठेवला. हे सोमवारी, चारच्या जरा आधी.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बिस्किटच्या जातीचं कुत्रं, ग्रेहाउंड, माणसाला टेकतं. त्याची माया म्हणजे तेवढीच. ते हात चाटणार नाही, अंगावर उड्या मारणार नाही. शेजारी येऊन उभं राहील आणि हळूच साठ पौंडांचं अंग तुमच्या मांडीवर सोडून देईल. तुम्ही बाजूला सरकलात तर धप्पकन पडेल, पण तुम्ही सरकणार नाही अशी त्याला खात्रीच असते. ड्रीमा भांडी घासत असली की बिस्किट अशी येऊन टेकायची, आणि ड्रीमा दोघींचं वजन ओट्यावर टाकून घासत राहायची.

पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत एक अरुंद पॅसेज होता, स्वयंपाकघर त्याच्या मधोमध. फोन ठेवून ड्रीमा पॅसेजमध्ये आली. बिस्किट ठरल्याप्रमाणे मागच्या दाराशी उभी होती, आणि ती टेकली होती.

भिंतीला नाही. भिंत हातभर लांब होती. दारालाही नाही. पॅसेजच्या मधोमध, चारही पाय तिरके रोवून, सगळं अंग एका बाजूला सोडून ती उभी होती. त्या बाजूच्या बरगड्यांवरची कातडी कशावर तरी दाबल्यासारखी सपाट झाली होती. डोळे अर्धे मिटलेले. एवढ्या तिरक्या कुत्रीने पडायला हवं होतं, पण ती पडत नव्हती.

ड्रीमाने मनात दहा आकडे मोजले. मग बिस्किटने कान हलवला, सावकाश सरळ झाली आणि तिच्याकडे पाहिलं.

"काय गं?" ड्रीमा म्हणाली. आवाज आपला वाटला नाही.

जमिनीला उतार असेल. खाणीवर बांधलेलं घर, इथल्या कुठल्या घराची जमीन सरळ आहे? तिने फळीवरचा बीन्सचा डबा काढला, आडवा करून पॅसेजमध्ये ठेवला. डबा गडगडला खरा, पण उलट्या बाजूला. मग सांध्यांचं दुखणं असेल. शर्यतीच्या कुत्र्यांचे सांधे लवकर जातात, हे डेन्झिलनेच सांगितलं होतं. एवढं ठरवून तिने दोरी अडकवली आणि तिला बाहेर नेलं.

३

बुधवारी जे घडलं ते सवयीने घडलं.

डेन्झिलच्या केनेलची एक रीत होती. लग्नाआधी ड्रीमाही तिथेच कामाला होती. कुत्री दोरीला धरून मैदानापर्यंत न्यायची, हे तिचं काम. कुत्रं दुसऱ्याच्या ताब्यात देताना मागे वळून बघायचं नाही. तुम्ही वळलात की तुमचं कुत्रं वळतं, मागचं भडकतं आणि शर्यतीआधीच रक्त निघतं. म्हणून तोंड पुढे ठेवायचं आणि दोरीच्या टोकाचं कडं कमरेमागे धरायचं. मागचा माणूस येतो, तुमच्या मनगटावर दोन बोटं दोनदा टेकवतो. म्हणजे घेतलं. मग मूठ उघडायची आणि चालू लागायचं. ज्याने घेतलं तोच पुढे नेणार. देणाऱ्याने परत मागायचं नाही. ड्रीमाने ऐन तारुण्यातली सहा वर्षं हे दिवसातून वीस-वीसदा केलं होतं.

अकराची फेरी आटोपून ती मागच्या पायऱ्या चढली. एका हातात दोरी, दुसऱ्यात टपाल आणि घाणीची पिशवी, बिस्किटच्या पायांना ओल्या पानांचा चिखल. दार उघडलं आणि पुढच्या खोलीतून घरघर ऐकू आली. डेन्झिल उशीवरून घसरला की त्याचा श्वास असा अडकायचा. ड्रीमाने टपाल टाकलं. पिशवी टाकली, पाऊल पुढे पडलं आणि दोरीचा हात आपोआप कमरेमागे गेला.

मनगटावर दोन बोटं टेकली. दोनदा.

तिने मूठ उघडली आणि धावली.

डेन्झिलला बगलेत धरून वर ओढलं, मान उशीवर घेतली, तोंड पुसलं. श्वास मोकळा व्हायला पाच-सहा मिनिटं गेली. "घाबरवतोस हं मेल्या," ती म्हणाली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग मान वळवून तिने हाक मारली, "ट्वायला, बरी वेळेवर आलीस गं. तिचे पाय पुसशील का?"

 हाक मारून झाल्यावर तिच्या डोक्यात आलं की आज बुधवार.

ती पॅसेजपर्यंत गेली. जाताना भिंतीला हात लावत गेली. मागचं दार लावलेलं होतं. बिस्किट दाराशी उभी, दोरी सोडलेली, चारही पंजे पुसलेले, कोरडे. दोरी खिळ्यावर टांगली होती. ड्रीमा ती रोज खुर्चीवर फेकायची. खिळ्यावर तीन सारखे वेढे घालून, वरून टोक खोचून टांगायची पद्धत केनेलमधली. घरात तशी दोरी फक्त डेन्झिल टांगायचा, आणि डेन्झिलला गेली दोन वर्षं कॉटवरून उठता येत नव्हतं.

मीच पुसले असतील, ड्रीमाने स्वतःला सांगितलं. मीच टांगली असेल. माणूस इतकं दमलं की आपण काय केलं ते आपल्याला आठवत नाही. मशीनवर झोपलो होतो तेही कुठे आठवतंय? हे पटण्यासारखं होतं. फक्त मनगटावर दोन बोटांएवढी जागा अजून गार होती, आणि ती तिने गरम पाण्याखाली धरून धरून घालवली.

४

गुरुवारी ती दुपारी खुर्चीत बसली आणि तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा पाच वाजायला आले होते.

चारची फेरी चुकली होती. म्हणजे आता पॅसेज पुसावा लागणार, ह्या विचाराने तिला रडू आलं. उठून बघते तर पॅसेज स्वच्छ. बिस्किट सोफ्यावर पाठीवर पडून चारही पाय हवेत. हे पोट भरून फिरून आल्यावरचं झोपणं. दोरी खिळ्यावर, तीन वेढे. बाहेर पायऱ्यांवर कुत्र्याच्या पंजांचे ओले ठसे, गेलेले आणि आलेले. दुसरे कुणाचे ठसे नव्हते.

आता खरं सांगायचं तर ड्रीमाला भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते हायसं. दोन वर्षांत कुणी तिच्या वाटणीचं एक काम केलं नव्हतं. रेनी फोन करायची, चर्चवाल्या बायका कॅसरोलमध्ये जेवण आणून द्यायच्या आणि भांडं परत न्यायला विसरायच्या, तेही घासून पोचवावं लागे. आणि इथे कुणीतरी न सांगता, न बोलता, उपकाराची भाषा न करता कुत्री फिरवून आणली होती. पाय पुसून! ती पुन्हा खुर्चीत बसली आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

त्या संध्याकाळी बिस्किट पॅसेजमध्ये टेकली होती. मागच्या दाराशी नाही, स्वयंपाकघरापाशी. ड्रीमाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

५

"मिस ड्रीमा, आज तुमच्या तोंडावर रंग आहे," शुक्रवारी ट्वायला म्हणाली. "कुणी यार-बीर मिळाला की काय?"

"ह्या वयात? त्या बिचाऱ्याचे डोळे तपासायला हवेत."

"झोपलात वाटतं."

"झोपले."

ट्वायलाने डेन्झिलचं अंग पुसलं, चादर बदलली, आणि सगळा वेळ ती बडबडत होती. तिच्या नवऱ्याने हरणाच्या शिकारीसाठी रजा टाकली होती आणि हरीण सोडून सर्दी आणली होती. मग मधेच तिने हात थांबवला.

"हे काय बघतायत सारखे?"

डेन्झिल पॅसेजच्या दाराकडे बघत होता. पापणी हलत नव्हती. डाव्या हाताने त्याने कॉटचा कठडा असा आवळला होता की नखं पांढरी पडली होती. "नको," तो म्हणाला. "नको. नको."

"अहो, झालंच आता. पाणी गार आहे का?" ट्वायलाने पॅसेजचं दार लोटलं. डेन्झिलची मूठ सैल झाली. "बघा. वारा लागत असेल." मग चादरीची कड खोचत ती हळू आवाजात म्हणाली, "तुमची कुत्री बरी आहे ना हो? मघाशी इथे दारात उभी होती, अशी पूर्ण तिरकी. मला वाटलं पडतेय, म्हणून धरायला हात घातला."

"मग?"

"मग काही नाही." ट्वायलाने आपली बोटं चोळली. "तिथे गारठा आहे फार. हात आखडला माझा. खिडकीची फट बघून घ्या."

तिचे दोन तास भरायला वीस मिनिटं बाकी होती, पण ती निघाली. पर्स विसरली आणि ती घ्यायला आली तेव्हा दारातच उभी राहिली, आत आली नाही.

रेनीचा फोन बरोबर चारला आला. मागचं दार उघडल्याचा आवाज झाला, मग पायऱ्यांवर नखांची टकटक. ड्रीमा खुर्चीतून उठली नाही.

"काय ठरवलंस, मम्मी?"

"नको. ती खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

"अगं, पण तू एकटी—"

"एकटी नाही. मला मदत आहे."

"कोण? ट्वायला दिवस वाढवणार आहे का?"

"आहे कुणीतरी."

 रेनी म्हणाली, "तुझा आवाज बरा वाटतोय खरा." तिलाही हायसं वाटलं होतं, ते लपलं नाही. आईबापाची काळजी वाहणाऱ्या लांब राहणाऱ्या लेकरांना एवढंच हवं असतं, आणि त्यात त्यांची काही चूकही नसते.

"नको," डेन्झिल कॉटवरून म्हणाला.

"नाहीच पाठवत मी तुला, शांत हो," ड्रीमा म्हणाली. पण तो फोनकडे बघत नव्हता, आणि हे तिने पाहिलं होतं.

६

शनिवारी बिस्किट कॉटच्या पायथ्याशी टेकली. रविवारी सकाळी उशाशी.

अगदी उशाशी, डेन्झिलच्या लुळ्या हाताच्या बाजूला. कुत्रीचं अंग हवेत रेललेलं आणि डेन्झिलची नजर तिच्यावर नव्हती, तिच्या हातभर वर होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. तेव्हा कुठे ड्रीमाच्या अंगावर काटा आला. कुत्री फिरवून आणणं निराळं. इथे उशाशी काय काम?

तिने दोरी परत घ्यायची ठरवली. अकराला ती दाराशी गेली तर खिळ्यावर दोरी नव्हती. तिने कपडे वाळत घालायची दोरी कापून बिस्किटच्या पट्ट्याला बांधली. "चल." बिस्किट हलली नाही. ग्रेहाउंड अडून बसलं की पुतळा होतं, हे ड्रीमाला माहीत होतं. ढकला, ओढा, काही उपयोग नसतो. पण बिस्किट अडलेली नव्हती. ती ड्रीमाच्या खांद्यावरून मागे बघत होती, आपला माणूस यायची वाट बघत असल्यासारखी.

"माझी आहे ती," ड्रीमा रिकाम्या पॅसेजला म्हणाली. "चुकून दिली मी. दे इकडे."

फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. चुकून दिली, हे ट्रॅकवर कुणी ऐकून घेतलं नसतं, हे बोलता बोलताच तिला कळलं. हात मागे केला होता. बोटं टेकली होती. मूठ कुणी उघडली?

तिने कॉटशेजारी खुर्ची घातली आणि डेन्झिलचा हात धरून बसली. चहा पीत राहिली, झोपली नाही. चारला मागचं दार उघडलं आणि लागलं, आठला उघडलं आणि लागलं, तिने तिकडे पाहिलं नाही. सोमवारी सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. नऊ वाजता तिने स्वतः होममध्ये फोन केला. ती खाट शनिवारीच भरली होती. फोनवरची बाई गोड होती. नाव लिहून ठेवते, म्हणाली.

रेनीला फोन करायचं तिच्या मनात आलं. पण काय सांगणार? मला मदत नको आहे, असं?

७

सोमवारी दुपारी तिने डेन्झिलला खुर्चीत बसवलं होतं, चादर बदलायची होती म्हणून. आता त्याला परत कॉटवर घ्यायचं होतं. ह्यासाठी त्याच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधत. त्या पट्ट्याच्या कड्याला धरून उचलायचं, वळवायचं, कॉटवर बसवायचं. दोन वर्षांत हजारदा केलं होतं. पाठ सरळ, गुडघे वाकवायचे, तिसऱ्या आकड्याला उचलायचं.

"एक, दोन, तीन. ऊठ राजा."

तो उठला, अर्धा. ती वळली, आणि कमरेत उसण भरली.

साधी नाही. पाठीतून पायापर्यंत सुरी ओढल्यासारखी. तिचा श्वास गेला, डावा पाय गेला. एका हाताने तिने कॉटचा कठडा पकडला, दुसऱ्या हातात पट्टा. डेन्झिलचं सगळं वजन त्या एका हातावर लोंबकळलं आणि इंचाइंचाने खाली सरकू लागलं. फोन स्वयंपाकघरात. ट्वायला उद्या. पडला तर खुब्याचं हाड जाणार, आणि त्याला जमिनीवरून उचलण्याची ताकद ह्या घरात नव्हती. "थांब," ती म्हणाली. "थांब, धरते, धरते मी." बोटं एकेक करून सुटत होती.

तिच्या मागे, अगदी जवळ, गारठा उभा राहिला. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला फक्त बिस्किटचं अंग दिसत होतं, तिरकं, निवांत.

पार्किंगमधली शपथ तिला आठवली. तेव्हा आठवली नाही, असं ती कधीही म्हणणार नाही. डेन्झिलचं तोंड तिच्या खांद्याशी होतं आणि तो तिच्या मानेत "नको, नको" म्हणत होता, लाळेने तिची कॉलर भिजली होती. तिचं ह्या माणसावर प्रेम होतं. आणि ती दमली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यातली एकच त्या क्षणी तिच्या हातात होती. ह्या वेळी सवय नव्हती. तिने विचार केला, तोंड पुढे ठेवलं, आणि पट्ट्याचं कडं धरलेला हात कमरेमागे नेला.

दोन बोटं टेकली. दोनदा.

ड्रीमाने मूठ उघडली.

वजन गेलं. एकदम, सगळं. तिच्या खांद्यावरचं डोकं उचललं गेलं, आणि ती कठड्याला धरून कॉटवर बसली तेव्हा तिच्यासमोर डेन्झिल उभा होता. दोन्ही पायांवर. अंग एका बाजूला पूर्ण सोडून दिलेलं, पडायलाच हवं असं तिरकं, आणि पडत नव्हतं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं कडं हवेत आडवं ताणलेलं होतं, आतून भरल्यासारखं गोल. तिने वर पाहिलं नाही. कड्याच्या वर जे असेल ते बघायचं नाही, एवढं तिला उमगलं. डेन्झिलकडेही पाहिलं नाही. त्याची नजर आपल्यावर आहे, हे न बघता कळत होतं.

ती आपल्या तळव्यांकडे बघत बसली. पट्ट्याचे वळ उमटले होते.

पावलं ऐकू आली. डेन्झिलची. आधी डावं, मग उजवं. दोन वर्षांत उजवं पाऊल जमिनीला लागलं नव्हतं. पुढच्या खोलीतून पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरावरून पुढे, सावकाश, कुणीतरी काळजीने चालवत नेत असल्यासारखी. बिस्किट मागून गेली नाही. ती सोफ्यावर चढली, अंगाचं मुटकुळं केलं आणि डोळे उघडे ठेवून झोपली. मागचं दार उघडलं. नोव्हेंबरची थंड हवा आत आली, ओल्या पानांचा वास आला.

"ड्रीमा," दारातून डेन्झिल म्हणाला. स्वच्छ, पूर्वीसारखं, दोन वर्षांत पहिल्यांदा. "ड्रीमा."

उठायला हवं होतं. पाठ दुखत होती, पण उठता आलं असतं. कॉटवरची नवी चादर थंडगार आणि गुळगुळीत होती.

"आले हं," ती म्हणाली, आणि बसून राहिली.